शेपटीकाका

कोणतीही वस्तू हाती आली की शेपटीकाका ती शेवटाकडून पाहू लागत. वर्तमानपत्र ते मागच्या पानापासून वाचत, औषधाची पट्टी उलटी करून आधी मुदत संपण्याची तारीख शोधत, आणि घराचा नवा भाडेकरार आला तेव्हा त्यांनी सुरुवातीची सगळी पाने बाजूला सारून शेवटचे कलम वाचले. मग चष्मा काढून म्हणाले, ‘‘खिडक्यांच्या कुलपांना हात लावायचा नाही असं लिहिलंय. बाकी ठीक आहे.’’ नवख्या माणसाला ही म्हातारपणाची लहर वाटे. खरे तर ती त्यांच्या व्यवसायाने लावलेली शिस्त होती, आणि ‘आधी शेपटी बघा’ हे तिचे पहिले सूत्र. इमारतीतल्या मराठी कुटुंबांनी त्यावरूनच त्यांचे नाव ठेवले. दारावरच्या पाटीवर मात्र ‘डॉ. श्रीनिवास पाध्ये’ असे होते, आणि त्याच्या वर, थोड्या मोठ्या अक्षरांत, मुलाचे नाव.

आमची इमारत दुबईतल्या अल बर्शात आहे. मी नवव्या मजल्यावर राहते आणि ऊद मेथातल्या एका भारतीय शाळेत जीवशास्त्र शिकवते. काका अकराव्या मजल्यावर मुलगा समीर, सून मधुरा आणि नात ईशा यांच्याबरोबर राहत. कोकणातल्या एका मत्स्य महाविद्यालयात त्यांनी उभी हयात शिकवण्यात घालवली होती. पत्नी गेली, पाठोपाठ त्यांच्या स्वतःच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली, आणि समीर त्यांना दुबईला घेऊन आला. ‘‘मी आलो नाही, पाटणकरबाई, मला आणलंय,’’ ते पहिल्याच भेटीत म्हणाले. ‘‘समीर माझा स्पॉन्सर आहे. जन्म मी त्याला दिला, व्हिसा त्याने मला दिला.’’ हे सांगताना चेहरा इतका गंभीर होता की हसावे की नाही हे मला कळेना.

ज्या शेपटीचा हा सगळा प्रश्न होता ती सॅल्मन माशाची. युरोपच्या अगदी उत्तर टोकाला दोन देशांच्या सीमेवरून वाहणारी एक नदी आहे. तिच्यात जन्मलेला सॅल्मन अटलांटिक समुद्रात मोठा होतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा त्याच नदीत परततो. गोड्या पाण्यात शिरला की तो काही खात नाही. अंगात साठवलेल्या बळावर प्रवाहाविरुद्ध चढत जातो. गेल्या काही वर्षांत हा मासा इतका घटला की दोन्ही देशांना त्याची मासेमारी थांबवावी लागली. त्यातच दुसरे संकट आले. पॅसिफिक महासागरातला गुलाबी सॅल्मन काही दशकांपूर्वी पूर्वेकडच्या नद्यांत मुद्दाम आणून सोडला होता. तो तिथे थांबला नाही. आता एका वर्षाआड, उन्हाळ्यात, तो झुंडीने या नदीत शिरतो, अंडी घालतो आणि सगळाच्या सगळा मरतो. त्याची कुजलेली प्रेते नदीभर पसरतात. म्हणून दोन्ही देशांनी मिळून नदीत आडवी जाळीची भिंत उभारली आणि मधोमध एक पिंजरा ठेवला. मासा पिंजऱ्यात आला की कॅमेरा त्याचे छायाचित्र घेतो. परका असेल तर बाजूच्या टाकीकडचे दार उघडते, मूळचा असेल तर वरच्या नदीकडचे. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे शेपटी. गुलाबी सॅल्मनच्या शेपटीवर मोठे, लांबट काळे ठिपके असतात. मूळच्या सॅल्मनच्या शेपटीवर सहसा नसतात.

‘सोपी’ हा शब्द काकांनी खोडला असता. पाणी गढूळ असते, उन्हाची तिरीप पडते, सीलने शेपटीचा लचका तोडलेला असतो. यंत्राला उमगले नाही की छायाचित्र दोन्ही देशांच्या एकेका तपासनिसाकडे जाई, आणि त्या दोघांचे पटले नाही की दुबईला, काकांकडे. एका देशाला वाटे की जास्तीत जास्त मासे अडवावेत. दुसऱ्याच्या काठावर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीवर जगलेली माणसे होती, त्यांना वाटे की अडवण्याच्या नादात आपलाच मासा मारला जातोय. दोघेही आपापल्या परीने बरोबर होते, आणि म्हणूनच त्यांना तिसरा माणूस हवा होता. काकांनी आयुष्यभर कोकणच्या खाड्यांतल्या मेढी रोवून लावलेल्या जाळ्यांचा अभ्यास केला होता. वाहत्या पाण्यात जाळीची भिंत कशी उभी ठेवावी हे सांगण्यासाठी त्यांना पूर्वी काही उन्हाळे त्या नदीवर बोलावले गेले होते. तिथेच ही जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि निवृत्तीनंतरही राहिली. ‘‘माझ्या देशात सॅल्मन नाही, म्हणून मला नेमलं,’’ ते अभिमानाने सांगत. ‘‘ज्याचं तिथे काही अडकलेलं नाही असा माणूस हवा होता त्यांना.’’

त्यांचे दुसरे सूत्र होते, ‘शंका असेल तर सोडा.’ याचे कारण ते एखाद्या वर्गाला समजवावे तसे समजावत. एक परका मासा चुकून वर गेला तर नुकसान होते, पण ते पुढच्या खेपेला भरून काढता येते. एक मूळचा मासा चुकून टाकीत गेला तर त्याच्यामागे येणारी सगळी वंशावळच टाकीत जाते. आणि निर्णय होईपर्यंत पिंजऱ्याचे कोणतेच दार उघडत नाही. मासा आत उभा राहतो, आपली शक्ती खर्च करत. त्यामुळे गुलाबी मासा येण्याच्या वर्षी काका दिवसभर खुर्चीवरून हलत नसत. जेवायला बसलेले असताना संगणकाची घंटी वाजली तर घास ताटात ठेवून उठत. मधुरा म्हणे, ‘‘बाबा, दोन मिनिटं थांबेल ना तो.’’ त्यावर ते म्हणत, ‘‘तो तिकडे उपाशी उभा आहे, मी इकडे आमटीभात खाऊ?’’ एकदा ईशाने विचारले, ‘‘आजोबा, व्हाय डू यू केअर सो मच? इट्स जस्ट अ फिश.’’ ते वळून म्हणाले, ‘‘म्हणूनच. त्याला स्वतःला अर्ज करता येत नाही.’’

संध्याकाळी शाळेतून परतताना मला ते कधी कधी लिफ्टमध्ये भेटत. समीरने नेमून दिलेला फेरफटका म्हणजे तळमजल्यापर्यंत जाऊन लॉबीत चार येरझारा घालणे. उन्हाळ्यात त्यापलीकडे जाता येत नसे. किती मासे अडवले हे त्यांनी मला कधीच सांगितले नाही. ज्या दिवशी दोन तपासनिसांच्या भांडणातून एखादा मूळचा मासा वर जाई, त्या दिवशी लिफ्टचे दार मिटता मिटता ते हलक्या आवाजात म्हणत, ‘‘बाई, आज एक सोडला.’’ एवढेच. नवव्या मजल्यावर मी उतरे, आणि दार मिटेपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलाचा भाव असे.

मासा न येण्याच्या वर्षी त्यांना वेळ पुरून उरे. तेव्हा मी त्यांना सुट्टीच्या दिवशी मॉलमध्ये चालायला नेत असे. गारेगार, सपाट, कुठेच न पोहोचणारे ते चालणे ते निमूटपणे पूर्ण करत आणि शेवटी सुपरमार्केटच्या मासळीच्या काउंटरपाशी थांबत. तिथे बर्फावर मत्स्यशेतीत वाढवलेल्या सॅल्मनचे केशरी तुकडे मांडलेले असत. काउंटरवरचा मल्याळी मुलगा त्यांना ओळखू लागला होता. ‘‘अंकल, आज एकदम फ्रेश है.’’ काका विचारत, ‘‘पूँछ किधर है?’’ तो हसून म्हणे, ‘‘पूँछ कौन खाता है, अंकल?’’ ‘‘बिना पूँछ के मैं बात नहीं करता,’’ असे म्हणून ते पुढे निघत. एकदा शेजारी उभ्या असलेल्या एका मराठी बाईंनी नवऱ्याला सांगितले, ‘‘अरे, हा आपला रावसच.’’ काका लगेच मागे फिरले आणि रावस व सॅल्मन यांचे एकमेकांशी काहीही नाते कसे नाही, हे त्यांनी ट्रॉली अडवून समजावले. बाई शेवटी कोळंबी घेऊन गेल्या.

घरात त्यांना कशाचीही उणीव नव्हती, हे मी न्यायाने लिहायला हवे. औषधे वेळेवर मिळत, मऊ भात मिळे, खोलीतल्या एसीचे तापमान समीर स्वतः ठरवी. खिडकी तळहाताएवढी उघडे आणि मग अडे. त्या फटीतून काका दुपारी दोन बोटे बाहेर काढत आणि बाहेरची धग चाचपत. मी एकदा विचारले, ‘‘काय बघता?’’ ‘‘प्रवाह कुठल्या बाजूने आहे ते,’’ ते म्हणाले. खाली शेख झायेद रस्त्यावरून गाड्या वाहत होत्या. घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट समीरच्या कपाटाच्या कुलूपबंद खणात एकत्र असत. यात दुष्टपणा नव्हता. इथल्या बहुतेक घरांत असेच असते.

मग एका वसंतात नदीवरून बोलावणे आले. येत्या उन्हाळ्यात दोन्ही देशांचे लोक जाळीपाशी भेटणार होते. यंत्र आता बरेच शिकले होते. तिसरा माणूस ठेवायचा की सगळा निर्णय यंत्रावर सोपवायचा, हे तिथे ठरणार होते, आणि काकांनी प्रत्यक्ष येऊन आपले म्हणणे मांडावे अशी दोघांचीही विनंती होती. काकांना म्हणणे तर मांडायचे होतेच, पण त्याहून अधिक म्हणजे त्यांना पुन्हा एकदा त्या पाण्यात उभे राहायचे होते. ते त्यांनी मला कधी शब्दांत सांगितले नाही. कपाटाच्या तळातून त्यांनी आपले जुने रबरी बूट काढले आणि बाल्कनीत उन्हात ठेवले, तेव्हा मला ते कळले.

आता इथल्या पद्धतीबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. मुलाच्या व्हिसावर राहणाऱ्या बापाला युरोपचा व्हिसा काढायचा असेल तर इतर कागदांबरोबर स्पॉन्सरचे ना हरकत पत्र लागते. म्हणजे समीरने लिहून द्यायचे की माझ्या वडिलांनी प्रवास करण्यास माझी हरकत नाही. समीरची हरकत होती. मात्र तो तसे म्हणत नव्हता.

एका शनिवारी ईशाला विज्ञानाचा प्रकल्प समजावायला मी त्यांच्याकडे गेले होते. काका म्हणाले, ‘‘समीर, ती एनओसी.’’

‘‘बघतो ना, बाबा. आधी कार्डिओलॉजिस्टचं ओके येऊ दे.’’

‘‘आलं. परवाच आलं.’’

‘‘इन्शुरन्स राहिलाय. इकडचं कव्हर तिकडे चालत नाही.’’

‘‘मग तिकडचं घे.’’

‘‘घेऊ. इन्शाल्ला.’’

काका माझ्याकडे वळले. ‘‘बघा बाई. इथला माणूस इन्शाल्ला म्हणतो तेव्हा देवावर सोडतो. आमचा समीर म्हणतो तेव्हा फाइलमध्ये ठेवतो.’’

मधुरा ओट्यापासून म्हणाली, ‘‘बाबा, एसी अठरावर गेला तर तुम्ही शाल मागता. आणि त्या बर्फाच्या पाण्यात उभे राहणार?’’

‘‘शाल मी एसीसाठी मागतो. नदीला एसी नसतो.’’

समीर हसला नाही. तो उठून बाल्कनीत गेला आणि वाळत ठेवलेले बूट उगाच सावलीत सरकवून परत आला.

निघताना मधुरा मला दारापर्यंत पोहोचवायला आली. दार ओढून घेत ती म्हणाली, ‘‘बाई, तुम्ही बाबांनाच समजवा. समीरला नका काही म्हणू. आई गेल्या तेव्हा तो विमानात होता. उतरून फोन चालू केला आणि सगळ्यांचे मेसेज एकदम आले. तेव्हापासून घरातलं कुणी कुठे जायचं म्हटलं की तो काही ना काही कारण काढून थांबवतो.’’ मला तिचे म्हणणे पटले. त्या घरात कुणीच कुणाचा वैरी नव्हता. सगळे एकाच पिंजऱ्यात उभे होते आणि कोणते दार उघडावे हे कुणाला ठरवता येत नव्हते.

त्यानंतर काही आठवड्यांनी समीर मला लिफ्टमध्ये भेटला. ऑफिसची बॅग खांद्यावर, डोळे लाल. ‘‘बाई, तुम्ही टीचर आहात, तुमचं ऐकतील,’’ तो म्हणाला. ‘‘सांगा ना त्यांना. नदी कुठे पळून जातेय का?’’

मी म्हटले, ‘‘नदी राहते. मासा एक वर्ष आड येतो.’’

नवव्या मजल्यावर मी उतरले तेव्हा तो लिफ्टमधल्या आरशात स्वतःकडे पाहत होता.

दुसऱ्या दिवशी त्याने पत्र लिहिले. त्यानंतर व्हिसा केंद्राची वेळ घ्यायला तो संगणकापुढे बसला, तर उन्हाळ्यातल्या सगळ्या तारखा भरलेल्या. इथे प्रत्येकाला उन्हाळ्यात युरोपला जायचे असते. त्याने एजंटला फोन लावला. मी तेव्हा ईशाचा तक्ता घेऊन तिथेच होते, आणि स्पीकरवरचा आवाज सगळ्यांनाच ऐकू आला. ‘‘सर, इस सीझन का खलास है. सप्टेंबर मिलेगा. सप्टेंबर कर दूँ?’’ सप्टेंबरात गुलाबी मासा मरून संपलेला असतो आणि जाळी काढलेली असते.

समीरने ते ना हरकत पत्र काकांपुढे ठेवले. काकांनी सवयीप्रमाणे ते शेवटाकडून वाचले. ‘‘सही चांगली केलीस,’’ ते म्हणाले. समीर उभाच होता. ‘‘सॉरी, बाबा,’’ तो म्हणाला.

काकांनी पत्राची नीट घडी घातली. ‘‘तुझ्या मनात वाईट नव्हतं, समीर. शंका आली की तू धरून ठेवतोस. मी सोडतो. राखायचं दोघांनाही असतं.’’

तेवढ्यात संगणकाची घंटी वाजली. त्या वर्षीचा हंगाम सुरू झाला होता. काका खुर्चीत जाऊन बसले, चष्मा पुसला, पुन्हा पुसला. त्यांना इतका वेळ लागलेला मी कधी पाहिला नव्हता. मग ते म्हणाले, ‘‘समीर, इकडे ये. मला शेपटीवर डाग दिसतोय. तुला दिसतो?’’

‘‘नाही. स्वच्छ आहे.’’

‘‘नीट बघ. खालच्या बाजूला.’’

‘‘नाही, बाबा. पण मला काय कळतं त्यातलं?’’

‘‘म्हणजे शंका आहे.’’

‘‘आहे.’’

‘‘मग?’’

समीरने वडिलांकडे पाहिले, आणि हात लांब करून वरच्या नदीचे दार उघडणारी कळ दाबली. पडद्यावरचा मासा क्षणभर तसाच राहिला, बहुधा उघडे दार त्याला उमगले नसावे. मग शेपटीचा एक फटका दिसला आणि चौकट रिकामी झाली.

डाग माशावर नव्हता, काकांच्या डोळ्यात होता. मोतीबिंदू. ही गोष्ट त्यांनी त्याच संध्याकाळी दोन्ही देशांना कळवली, कारण तपासनिसाच्या डोळ्याबद्दल शंका असेल तर त्यालाही सोडायला हवे, असे त्यांचे मत होते. त्याबरोबर त्यांनी एक तोडगा सुचवला: हंगाम संपेपर्यंत मुलगा शेजारी बसेल, तो पाहील, मी विचारीन. त्यांनी लिहिलेले वाक्य मला त्यांनीच वाचून दाखवले. ‘माझा मुलगा मासे खात नाही आणि माझेही ऐकत नाही, यापेक्षा तटस्थ माणूस तुम्हाला मिळणार नाही.’ दोन्ही देश बऱ्याच दिवसांनी एखाद्या गोष्टीवर एकमताने हसले, असे उत्तर आले. नदीवरच्या त्या बैठकीत काका पडद्यावरूनच बोलले, आणि ठरले ते असे: यंत्र राहील, आणि यंत्राच्या शंकेसाठी माणूसही राहील.

तो उन्हाळा समीर ऑफिसातून घरून काम करण्याची परवानगी काढून वडिलांशेजारी बसला. एका खोलीत दोन खुर्च्या, मध्ये काकांची सुपारीची डबी. मी वर गेले की संवाद कानावर पडत. ‘‘आधी काय बघायचं?’’ ‘‘शेपटी.’’ ‘‘मग तोंडाकडे का बघतोयस?’’ ‘‘सॉरी, बाबा.’’ ‘‘सॉरी माशाला म्हण.’’ बूट बाल्कनीतून पुन्हा कपाटात गेले.

मासा न येण्याच्या मधल्या वर्षी, थंडीच्या दिवसांत, दुपारच्या झोपेतच काका गेले. समीर घरात होता, शेजारच्या खोलीत. या देशात परका माणूस मरण पावला की अंत्यविधीआधी काही सरकारी कामे पुरी करावी लागतात; व्हिसा रद्द होतो आणि पासपोर्टही. त्यासाठी समीरने कपाटाचा खण उघडून वडिलांचा पासपोर्ट बाहेर काढला. तो परत आला तेव्हा त्याचे कोपरे कापलेले होते. समीरने तो हातात घेतला आणि नकळत व्हिसाच्या पानांतले शेवटचे आधी उघडले. पान कोरे होते.

मला शिकवताना आता त्यांची सूत्रे वापरायची सवय लागली आहे. प्रयोगशाळेत मुले नमुन्याला घाईने नाव देऊ लागली की मी म्हणते, आधी शेपटी बघा. आणि एखाद्या मुलाच्या उत्तरपत्रिकेत अर्धवट बरोबर उत्तर असेल, माझे मन ठरत नसेल, तर मी गुण देऊन टाकते. कुणी मुख्याध्यापिकांकडे तक्रार केली तर कारण सांगणे मला जड जाईल.

यंदा गुलाबी मासा येण्याचे वर्ष आहे. बाहेर डांबर मऊ पडावे असे ऊन आहे, आणि अकराव्या मजल्यावरची ती खिडकी अजूनही तळहाताएवढीच उघडते. काल शाळेतून परतताना लिफ्टमध्ये समीर होता. लॉबीत चार येरझारा घालून वर चालला होता. चेहरा थकलेला, खिशात सुपारीची डबी. नववा मजला आला, मी उतरले, आणि दार मिटता मिटता मागून त्याचा हलका आवाज आला.

‘‘बाई, आज एक सोडला.’’